आवाज सातासमुद्रापार

कुंदाला रोज सकाळी आपला आवाज जागेवर आहे की नाही हे बघायची सवय होती. डोळे उघडायच्या आधी, अंथरुणातच, ती ओठ मिटून "हंऽऽ" असा एकच सूर लावायची. तिच्या आणि आमच्या खोलीत नुसत्या लाकडी फळ्यांची भिंत होती, त्यामुळे तो सूर मला आमच्या घरात ऐकू यायचा. पाठोपाठ ती भिंतीतूनच मला सांगायची, "आहे गो, आहे." उशाखालची किल्ली चाचपून बघावी, तसं.

ही सवय तिला संपात लागली. त्याआधी लालबागात सकाळ व्हायची ती गिरणीच्या भोंग्यानं, आणि कुंदा लहानपणापासून त्या भोंग्यात आपला सूर मिसळून द्यायची. "भोंगा माझा तानपुरा आहे," असं म्हणायची. आम्ही हसायचो. मग संप सुरू झाला आणि भोंगा बंद पडला. त्या पहिल्या सकाळी ती गॅलरीत येऊन कठड्याला टेकली, समोरच्या चिमणीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सुमे, आता मी सुरू कुठून करू?" मला तेव्हा ती गंमत वाटली होती. आता वाटत नाही.

तिच्याविषयी मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, आणि व्यक्तिचित्रं वगैरे मी फक्त पुस्तकात वाचली आहेत. पण लालबागची एक मुलगी तीन वेळा परदेशात गाण्याच्या स्पर्धेला गेली होती, हे आत्ताच कुणाला आठवत नाही. निदान लिहून तरी ठेवावं, असं वाटलं.

कुंदा आणि मी एकाच शाळेत होतो. ती दहावीनंतर थांबली आणि ऑर्केस्ट्रात गायला लागली. निवेदकाला "कुंदा" हे नाव स्टेजसाठी फार घरगुती वाटलं, म्हणून त्यानं तिचं नाव "मिस कँडी" करून टाकलं. पहिल्यांदा मंडळाच्या बोर्डावर ते नाव लागलं तेव्हा गॅलरीत सभाच भरली. आमच्या चाळीत खानावळ चालवणाऱ्या भागीमावशीनं विचारलं, "कँडी म्हणजे काय गो? ती बर्फाची मिळता, ती?"

"तीच, मावशी," कुंदा म्हणाली. "लवकर ऐकून घ्या. वितळून जाईन."

तिचे वडील, दत्ताकाका, गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. ते बोर्डाकडे बघून म्हणाले, "आमच्या घराण्यात मिस-बिस कोण नाय. हिचो बाप साचेवालो." पण त्या कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

स्पर्धेची वाट तिला दाखवली ती डॉमनिक अंकलनी. ते गिरगावात खोताच्या वाडीत राहायचे, पियानो शिकवायचे आणि ऑर्केस्ट्रासाठी वाद्यांचे भाग लिहून द्यायचे. स्वतःच्या चाली त्यांनी कपाटात साठवून ठेवल्या होत्या. कुंदाचा आवाज ऐकल्यावर त्यांनी त्यातली एक बाहेर काढली, तिच्याकडून म्हणून घेतली आणि कॅसेट परदेशी पाठवून दिली. ज्या वर्षी संप सुरू झाला त्याच वर्षी बोलावणं आलं. पूर्व युरोपातलं समुद्रकाठचं एक शहर होतं. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च स्पर्धावाल्यांचा. गाणं मात्र आपल्या भाषेत हवं होतं. कुंदा मराठीत गायली आणि उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन आली. काचेचा एक मासा होता तो. भागीमावशी म्हणाली, "एवढ्या लांब जावन बांगडो घेवन इला!"

त्या दिवसांत मी तिला खोदून खोदून विचारायचे. तिथली माणसं कशी, स्टेज कसं, भीती वाटली का. ती सांगायची, "वाजवणारे एवढे होते गो, की आपली अख्खी चाळ बसवली असती तरी खुर्च्या उरल्या असत्या." आणि एकदा म्हणाली, "तिथे शब्द कुणालाच कळत नव्हते. नुसता आवाज ऐकत होते. इथे सगळे शब्द ऐकतात. आवाज कुणी ऐकत नाही." हे वाक्य मी तेव्हा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, कारण ते मला फार शहाणं वाटलं. ती हसली. "लिही, लिही. कॉलेजात काय शिकवतात तुला, माझी बडबड?"

परत आल्यावर बोर्डावर "आंतरराष्ट्रीय कीर्तीची गायिका" अशी ओळ वाढली, आणि प्रोग्रामही वाढले. गणपती, नवरात्र, हळदी, सत्यनारायण. संप लांबत चालला होता. आमच्या मजल्यावर चुली उशिरा पेटायला लागल्या होत्या. गावाकडची मंडळी एकेक करून कोकणात परत चालली होती. दत्ताकाकांच्या गावच्या गड्यांनी मिळून राहायला घेतलेला गाळा खाली तळमजल्यावर होता. एके काळी तिथे पाळीपाळीनं झोपावं लागे इतकी माणसं होती, आता वळकट्यांपेक्षा खुंट्या जास्त दिसत होत्या. दत्ताकाकांच्या घरात दोन धाकटी भावंडं होती, आई होती, आणि मिळवणारा एक गळा होता. हे कुणी बोलत नसे. पण कुंदा प्रोग्रामहून आली की तिची आई तिला आधी कढत पाणी द्यायची आणि मगच "काय झालं, कसं झालं" विचारायची.

एकदा गिरणीच्या गेटवर सभेला तिला गायला सांगितलं. ऐनवेळी माइक बंद पडला. ती खाली उतरली नाही. समोर एवढी माणसं होती, आणि ती नुसत्या गळ्यानं सगळ्यांपर्यंत पोचली. दत्ताकाका गर्दीत उभे होते, त्यांचे डोळे भरून आले होते. मी तिच्याजवळ उभी होते, म्हणून मला शेवटच्या ओळीत एक बारीक आवाज ऐकू आला. कापड उसवताना येतो तसा. उतरल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "धूळ गेली." गिरणी बंद होती. धूळ कसली?

दुसऱ्या वर्षी ती पूर्वेकडच्या एका देशात गेली आणि तिसरं बक्षीस घेऊन आली. या वेळी मंडळानं कमान उभारली. पण सकाळचा "हंऽऽ" आता एका फटक्यात लागेनासा झाला होता. दोनदा, तीनदा प्रयत्न करावा लागे. मी अंथरुणात जागी राहून वाट बघायचे. शेवटी "आहे गो" ऐकू आलं की कूस बदलायचे.

इंग्रजी बोलावं लागेल म्हणून तिनं मला परळच्या हॉस्पिटलात बरोबर नेलं. खरं तर डॉक्टर मराठीच होते. त्यांनी तिच्या घशात आरसा घालून बराच वेळ बघितलं, मग हात पुसत म्हणाले, "दोन्ही बाजूंना गाठी आहेत. गाणं पूर्ण बंद. काही महिने बोलणंसुद्धा बंद."

"आणि नाही केलं तर?" कुंदानं विचारलं.

"तर पुढच्या वेळी तुम्ही मला सगळं खुणांनी सांगाल."

बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला. "बाबांना सांगायचं नाही. सर्दी म्हणून सांग."

"कुंदे, पण..."

"पण काय? बंद करू? मग घरात काय, काचेचा मासा शिजवू?" थोडं चालल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तिसऱ्या स्पर्धेचं बोलावणं आलंय. पहिला नंबर आला तर तिथली कंपनी रेकॉर्ड काढते. रेकॉर्ड निघाली की हे प्रोग्राम सगळे बंद. मग बघ, वर्षभर तोंड उघडणार नाही. तुला कंटाळा येईल एवढी गप्प बसेन."

मी कुणाला काही सांगितलं नाही. जाण्याआधीचे थोडे दिवस तरी तिनं मौन पाळलं. चाळीत लगेच कुजबुज सुरू झाली, "फॉरेनला जाऊन आली, आता बोलायला आपण लागत नाही तिला." ती ऐकून घ्यायची आणि हात जोडून हसायची, म्हणजे लोकांना आणखीच राग यायचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दत्ताकाकांनी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे मोठं काम निघालं की ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून एकानं मोठ्यानं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय महाराजा" म्हणून साथ द्यायची, अशी रीत आहे. गाळ्यात रवळनाथाची तसबीर होती. गाऱ्हाणं नेहमी घालायचे ते तातू. त्यांना कुठलं मागणं कसं बांधायचं, काय आधी, काय नंतर, सगळं पाठ होतं. पण तातू संपाला कंटाळून कधीच गावी निघून गेले होते. गाळ्यात उरलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी दत्ताकाकाच पुढे झाले. त्यांनी टोपी नीट केली, नारळाला हात लावला आणि डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आज तुझा लेकरू लांबच्या मुलखात गाणा म्हणूक जाता. तेच्या वाटेत काय आडमेळा आसात ता बाजूक कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"माझ्या चेडवाचो आवाज सातासमुद्रापार जांवदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि चेडू माझा हातीपायी धड घराक येवंदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

नारळ फुटला, प्रसाद वाटला. भागीमावशी दारातच थांबली होती. तिनं खोबऱ्याचा तुकडा हातातच ठेवला. "दत्ता," ती म्हणाली, "अरे, आवाजाक परत येवक सांगलंस नाय?"

"चेडू इला म्हणजे आवाज इलोच मगे, मावशे."

"तातू आसतो तर तेणा येगळा सांगल्यान आसता. देवाकडे सगळा येगळा-येगळा सांगूचा लागता."

सगळे हसले. दत्ताकाकाही हसले, पण जरा उशिरा. कुंदा माझ्या शेजारी उभी होती. तिनं एकाएकी मान खाली घातली आणि पदरानं गळा झाकून घेतला. मी कॉलेजात जाणारी मुलगी, या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. तरीही वाटलं की कुणीतरी पटकन पुढे होऊन ते एक वाक्य भरून टाकावं. पण नारळ फुटून गेला होता.

पुढचं मला तिच्याबरोबर गेलेल्या डॉमनिक अंकलनी सांगितलं, परत आल्यावर, त्यांच्या घरातल्या पियानोचं झाकण न उघडता.

"तालमीत मी तिला सांगत होतो, पोरी, आवाज राखून म्हण, हळू म्हण. ती ऐकेना. दुसऱ्या कडव्यात वरचा सूर आहे ना, तो मी खाली आणायला तयार होतो. म्हणाली, अंकल, खालच्या सुराला पहिला नंबर कोण देतं? बरं. स्पर्धेच्या दिवशी तिनं तो सूर लावला. सुमन, मीच लिहिलेला सूर तो, पण इतका सुंदर मी आधी ऐकला नव्हता. आणि मग हवा. माइकमधून नुसती हवा येत होती."

"मग थांबली?"

"नाही ना! वाजवणारे वाजवत राहिले, आणि ती ओठ हलवत राहिली. पूर्ण गाणं. एक शब्द सोडला नाही. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, माइक बिघडला." अंकलनी चष्मा काढला. "नमस्कार करून आत आली आणि माझ्याकडे बघून हसली. ते हसणं मला नको होतं बघ."

कुंदा घरी आली ती खरंच हातीपायी धड. बॅग तिनं स्वतः वर आणली. आईनं विचारलं, "काय झाला गो?" तर तिनं गळ्याकडे बोट दाखवलं. त्या संध्याकाळपर्यंत चाळभर एकच वाक्य झालं होतं, "कुंदाचा आवाज गेला." ते वाक्य म्हणणारा प्रत्येक जण मध्येच थबकायचा. कारण ते आपण आधी कुठे ऐकलंय हे त्याला तिथेच आठवायचं. भागीमावशी कुणाला काही बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. मागितलं होतं तसं झालं होतं. आवाज सातासमुद्रापार गेला होता आणि मुलगी घरी आली होती.

दत्ताकाकांनी ते वाक्य ऐकलं तेव्हा ते जिन्यात होते. तिथेच पायरीवर बसले. त्यानंतर दिवसचे दिवस ते स्वतःशी पुटपुटत असायचे. एकच मागणं, वेगवेगळ्या तऱ्हांनी बांधून बघत. मध्येच कपाळावर हात मारून घ्यायचे. "एक शब्द रे देवा, एक शब्द चुकलंय."

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. पुढे ऑपरेशन करता येईल, बोलण्यापुरता आवाज कदाचित येईल, गाण्याचं विसरा, असं म्हणाले. तोवर कुजबुजायलाही बंदी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या अख्ख्या चाळीत कुंदाचं बोलणं फक्त एका माणसाला कळतं. साचेखात्यात एवढा गोंगाट असतो की तिथली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलतात. दत्ताकाकांचे कान त्या साच्यांनी अर्धे नेले होते, पण डोळे तयार होते. ती समोर बसून नुसते ओठ हलवायची आणि ते उत्तर द्यायचे. "भात पुरे." "व्हय, दार लावलंय." बाकी आम्ही सगळे खुणा करत बसायचो.

मला हे सगळं सहन होईना. एका दुपारी मी तिला गॅलरीत गाठलं. "त्यांना सांगून टाक, कुंदे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हे सांग. गाऱ्हाण्याचा काही संबंध नाही. किती कुढतात ते!"

खोलीत दत्ताकाका चटईवर बसले होते. कुंदानं आधी त्यांच्याकडे पूर्ण पाठ केली. मग बंदी मोडून, फाटक्या कुजबुजत्या आवाजात ती बोलली. माझ्याशी तिचं ते शेवटचं मोठं बोलणं.

"गाऱ्हाण्यात चुकलं तर ते पुन्हा घालता येतं. त्यांना तेवढी आशा आहे. दुसरं काय सांगू? घर माझ्या गळ्यावर चाललं होतं आणि गळा फाटतोय हे मला माहीत होतं, असं? हे कळल्यावर ते या घरात घास घेतील का?"

"पण ते रडतात, कुंदे."

"रडू दे. रडून जेवतात तरी."

मी तर्कशास्त्राच्या तासाला बसत होते. कारण आणि कार्य यांवर टिपणं काढत होते. तिच्यापुढे त्यातलं काहीच उभं राहिलं नाही.

संप कधी संपला हे नीट कुणी सांगितलंच नाही. काहींना गिरणीत परत घेतलं, दत्ताकाकांना घेतलं नाही. त्यांनी गावी जायचं ठरवलं. तातूंना गाठायचं, देवळात उभं राहून गाऱ्हाणं पुन्हा नीट घालायचं, आणि मग डॉक्टरांकडे काय ते बघायचं. खोलीत आई आणि भावंडं राहणार होती. कुंदा वडिलांबरोबर निघाली. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक नारळ. वाटेत भेटलेल्या मंडळाच्या पोरांपैकी एकानं विचारलं, "कुंदाताई, गणपतीपर्यंत येणार ना?" तिनं मान डोलावली, पण हो की नाही ते कळलं नाही.

मी परळच्या एसटी स्टँडवर सोडायला गेले होते. दत्ताकाका खिडकीशी बसले, शेजारी कुंदा. गाडी सुटायला थोडा वेळ होता. काका अचानक पुढे वाकले आणि खिडकीतून मला जवळ बोलावलं.

"सुमन, तू शिकलेला चेडू. एक खरा सांग माका. कुंदा जावच्या आधी डाक्टरान काय सांगलेला काय? तू होतस मा बरोबर?"

त्यांना कुठून कळलं, की नुसता संशय होता, मला आजही माहीत नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे नजर लावली होती. माझा आवाज नाही, माझे ओठ ते बघत होते. कुंदा समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. काही मागितलं नाही.

मी शक्य तितके स्पष्ट ओठ हलवून म्हणाले, "नाही काका. काही नव्हतं. सर्दी होती. गाऱ्हाण्यातलं तेवढं वाक्य राहून गेलं, म्हणून झालं."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत मी त्यांचा चेहरा तसा बघितला नव्हता. "व्हय मा? मगे बरा. मगे आता तातूक घेवन नीट सांगतंय."

गाडी सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. काच ओढून घेतलेली होती आणि काचेआड दत्ताकाकांचे ओठ हलत होते. एकेक मागणं वेगळं करून, बोटावर मोजत, ते आत्तापासूनच घोकत होते. कुंदा आता त्यांच्याकडे वळून बसली होती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते थांबले की आवाज नसलेल्या ओठांनी, न चुकता, साथ देत होती.

"व्हय महाराजा."